कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना छळ रोखण्याचं प्रशिक्षण द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

रानजाई
नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. गेली दोन वर्षं लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर आहे. आमच्याकडे अजूनही सगळे तिला ‘विशाखा समिती’च म्हणतात. प्राचार्यांनी पुढच्या महिन्यात मला दोन अर्धे दिवस दिलेत. शिक्षक, ऑफिस, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, शिपाई आणि रखवालदार धरून साठेक माणसं होतील. छळ होऊ नये म्हणून काय करायचं आणि कुणी येऊन सांगितलं तर कसं वागायचं, हा विषय.

गेल्या वर्षीही कार्यक्रम झाला होता. वकीलबाईंनी मन लावून कायदा समजावला, कलमं सांगितली, मुदती सांगितल्या. हजेरीपटावर सह्या झाल्या, बॅनरसमोर फोटो निघाले आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लागले. त्यानंतर दीड महिन्याने दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तक्रारीचा अर्ज घेऊन ऑफिसात आली. आवक टेबलावरच्या ताईंनी रोजच्या सवयीने अर्ज उघडला, शिक्का मारला आणि आवक रजिस्टरमध्ये मुलीचं नाव, वर्ग आणि ‘विषय’ या रकान्यात एका ओळीत सगळं लिहून टाकलं. रजिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर उघडंच असतं. बोनाफाइडच्या रांगेतल्या मुलांनी ते वाचलं. आमच्या अध्यक्ष मॅडमच्या हातात अर्ज पडायच्या आधी कॅन्टीनला बातमी होती. दुसऱ्या दिवशी वडील आले, अर्ज परत घेतला आणि आठवड्याभरात मुलीचा दाखलाही काढून नेला.

त्या ताई कार्यक्रमाला बसल्या होत्या, हजेरीपटावर त्यांची सही आहे. ‘गोपनीयता’ हा शब्द त्यांनी ऐकला होता. तो आपल्या पुढ्यातल्या रजिस्टरला लागू आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून या वेळी भाषण नको आहे. तुमच्यापैकी कुणी असं प्रशिक्षण घेतलं असेल, दिलं असेल, किंवा कधी तक्रार घेऊन गेला असाल, तर सांगा.

बाहेरची_सदस्य
रानजाई, मी पुण्यात असते. वकील आहे आणि काही कॉलेजांच्या समित्यांवर संस्थेबाहेरची सदस्य म्हणून काम करते. तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. प्रशिक्षण देणारे आम्ही लोक समितीपासून सुरुवात करतो. मुलगी मात्र समितीपर्यंत येईतो तीन-चार माणसांना भेटलेली असते.

आधी तुमच्या हातातलं बळ सांगते, म्हणजे कुणी ‘वेळ कशाला घालवता’ म्हटलं तर उत्तर देता येईल. हे प्रशिक्षण कुणाच्या मर्जीवर नाही. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं कलम १९ कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा आणि समिती सदस्यांसाठी वेगळं प्रशिक्षण घेणं ही नियोक्त्याची जबाबदारी ठरवतं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम तर खास उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत आणि अधिकारी, शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी सगळ्यांना त्यात धरतात. गोपनीयतेचं कलम १६ आहे. ते मोडणाऱ्याकडून ५,००० रुपये दंड वसूल करायचा, असं नियमांत लिहिलंय. पण त्या ताईंना दंडाची भीती घालू नका. रजिस्टर बदला. समितीच्या नावे आलेलं पाकीट फोडायचं नाही, फक्त क्रमांक आणि तारीख लिहायची आणि पाकीट अध्यक्षांच्या हातात द्यायचं. एवढं एका परिपत्रकात बसतं.

हे सगळं उभं राहिलं ते राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरी देवींमुळे. सरकारी कार्यक्रमातली ही साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती काम करताना तिच्या पाठीशी कुणी उभं नव्हतं, आणि त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला, ज्याने कामाच्या जागी तक्रार समित्या बंधनकारक केल्या. त्यानंतरही समित्या कागदावरच राहतात, हे पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. त्या प्रकरणात २०१२ मध्ये न्यायालयाने पुन्हा खडसावलं. तुमच्या शिपाई मावशींना हे जरूर सांगा. कायदा दिल्लीत कुणाच्या डोक्यातून आला नाही, त्यांच्यासारख्याच एका कामकरी बाईच्या भोगण्यातून आला. हे कळलं की ऐकणारी माणसं सावरून बसतात, हा माझा दर वेळचा अनुभव आहे.

दहाची_हजेरी
मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे, अकरावं वर्ष.

ताई, एक गोष्ट पहिल्या तासातच सांगा. ‘छळ’ हा शब्द घेऊन कुणी मुलगी येत नाही. ती म्हणते, “मॅडम, माझी प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळेल का?” ती म्हणते, “मला एनएसएसच्या शिबिराला नाही जायचं, पोट दुखतंय म्हणून लिहून द्या ना.” रात्री दहाच्या हजेरीला असते पण जेवायला खाली उतरत नाही. एकीने तर फक्त एवढंच विचारलं होतं की ग्रंथालयातून यायला मागचा रस्ता आहे का. आपण बॅच बदलून देतो, चिठ्ठी लिहून देतो आणि मोकळे होतो. ‘का’ हे विचारायचं राहून जातं.

आणि माझी चूक लिहिते, कारण ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी माझ्या खोलीत आली. दार लावलं, बसली, दोन वाक्यं बोलली. मी घाबरून म्हटलं, “थांब, तुझ्या आईला फोन लावते.” ती उठली. “नको मॅडम, काही नाही, सहज म्हणत होते.” नंतर कितीही विचारलं तरी बोलली नाही. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला आज कळतं. घरी कळलं म्हणजे शिक्षण बंद, आणि वर्षभरात लग्न. मला वाटलं मी तिला आधार देतेय, आणि तिची परत यायची वाट मीच बंद केली.

खडूफळा
मी विभागप्रमुख आहे. वीस वर्षं शिकवतोय. मनातलं प्रामाणिकपणे विचारतो, गैरसमज नसावा. असे कार्यक्रम झाले की आम्ही पुरुष शिक्षक आखडतो. मुलगी शंका विचारायला आली तर दार उघडं ठेवतो, दोन मिनिटांत वाटेला लावतो. संशोधनाला मुली घेऊ नयेत असं बोलणारेही आहेत. खोटी तक्रार झाली तर माणूस आयुष्यातून उठतो, ही भीती खरी आहे. प्रशिक्षणात याचं उत्तर द्याल का?

बाहेरची_सदस्य
सर, विचारलंत ते बरं केलंत. हा प्रश्न सभागृहात मनात ठेवून बसणारे पुष्कळ असतात.

जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कलम १४ खाली कारवाई होते. पण त्याच कलमात असंही आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. ही दोन वाक्यं एकत्र सांगायची. एकटं पहिलं सांगितलं की मुली गप्प बसतात.

तुमचं संरक्षण करते ती नीट चालवलेली चौकशी. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १२ मे २०२३ चा निकाल प्रत्येक समितीने वाचायला हवा. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखांविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने सुनावण्या इतक्या घाईने एकापाठोपाठ लावल्या की त्यांना बाजू मांडायला पुरेसा अवकाश मिळाला नाही, असं न्यायालयाला आढळलं. बडतर्फीचा आदेश रद्द झाला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं, चौदा वर्षांनी. आता दोन्ही बाजूंनी विचार करा. त्या प्राध्यापकांची चौदा वर्षं गेलीच. आणि २००९ मध्ये विशी-बाविशीत धीर करून बोललेल्या मुली? त्यांना काय मिळालं? समितीला काम कसं करायचं हे शिकवलेलं नसलं की असं दोघांचंही नुकसान होतं. त्याच निकालात न्यायालयाने समित्यांची माहिती संकेतस्थळावर ठेवा, सदस्यांना चौकशीची रीत शिकवा, कार्यशाळा नियमित घ्या, असे आदेश दिले.

आणि मुलींना संशोधनाला न घेणं हा उपाय नाही, सर. ती दुसरी शिक्षा झाली, तीही काही न केलेल्या मुलींना.

खडूफळा
हे पटलं. गोव्याचा निकाल माहीत नव्हता, वाचतो. आमच्या विभागातल्या सगळ्यांना पाठवतो.

अर्धवट_प्रबंध
पीएचडी करणारी आहे. विद्यापीठ कोणतं ते लिहीत नाही.

सर, दाराचं सोडा. आमच्या बाजूने पाहा. फेलोशिपच्या बिलावर गाइडची सही. सहामाही प्रगती अहवालावर गाइडची सही. प्रबंध पुढे पाठवायचा तर गाइडची सही. रात्री अकराला ‘झोपलीस का’ असा मेसेज आला तर मी उत्तर द्यायचं की नाही, हे ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षं असतात. मी ज्या मॅडमना हे सांगितलं त्या खरंच चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, “सबमिशनपर्यंत सांभाळून घे ना, आठ महिने तर राहिले.” मी सांभाळून घेतलं. त्या आठ महिन्यांचे सव्वादोन वर्षं झालेत.

प्रशिक्षणात हे वाक्य फळ्यावर लिहा, रानजाई मॅडम. ‘सांभाळून घे.’ आणि सांगा की हे म्हणायचं नाही.

बाहेरची_सदस्य
@अर्धवट_प्रबंध, चौकशी चालू असताना तुमच्या कामाचं मूल्यमापन त्या व्यक्तीकडे राहू नये, अशी शिफारस समिती करू शकते. विनियमांत तसं स्पष्ट आहे. गाइड बदलून मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची असते, आणि कारण नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. मेसेज पुसू नका. मला व्यक्तिगत निरोप केलात तर आनंदाने बोलेन, घाई नाही.

माणदेशी_मुलुख
मी तासिका तत्त्वावर शिकवते, दोन कॉलेजांत मिळून. दर जूनला नवी ऑर्डर. ऑर्डर देणारा आणि त्रास देणारा एकच असला तर आमच्यासारखीने काय करायचं? आम्हाला तर अशा कार्यक्रमांना बोलावतही नाहीत, तासाचे पैसे द्यावे लागतील म्हणून.

बाहेरची_सदस्य
कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे कायम नोकरीतलेच नव्हेत. हंगामी, रोजंदारीवरचे, कंत्राटदारामार्फत आलेले, शिकाऊ, सगळे आले. तुम्ही आलात, एजन्सीचे रखवालदार आले, साफसफाईच्या बायका आल्या. संस्थाचालक किंवा प्राचार्य स्वतःच नियोक्ता असून तक्रार त्यांच्याविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. रानजाई, तासिकेवरच्या सगळ्यांना नाव घेऊन बोलवा.

टेम्सकाठी
मी मूळची सांगलीची. इंग्लंडमध्ये एका विद्यापीठाच्या ऑफिसात काम करते. इथल्या नियामक संस्थेची नवी अट १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षण बंधनकारक आहे, आणि तक्रार करणाऱ्याकडून गप्प राहण्याचा करार लिहून घ्यायला मनाई आहे. तिकडचा कायदा वेगळा, त्यामुळे तुलना करत नाही. पण आमच्या प्रशिक्षणातला अर्धा वेळ फक्त एका गोष्टीला होता. कुणी येऊन सांगायला लागलं तर पहिली दहा मिनिटं तुम्ही काय बोलता, ते तोंडाने बोलून बघायचं. दोघंदोघं बसून, मोठ्याने. मनात सोपं वाटतं, पण तोंडातून भलतंच निघतं. मी समोरच्या सहकाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारला, “तू तिथे एकटी का गेलीस?” सरावात विचारला म्हणून बरं.

घरी आल्यावर मराठीत काय म्हणेन याचा विचार केला, कारण ही वाक्यं भाषांतर करून चालत नाहीत. मला सुचलेली अशी: “बस, पाणी घे. घाई नाही.” “सांगितलंस ते बरं केलंस.” “मी ऐकतेय.” “आता तुला काय हवंय?” आणि टाळायची म्हणजे “सर तसे नाहीत गं”, “पुरावा आहे का?”, “मुलगी आहेस, नाव तुझंच जाईल.”

“मी कुणालाही सांगणार नाही” हे वचनही द्यायचं नाही. पुढे समितीला सांगावं लागलं तर ती फसवणूक वाटते. “तुला न विचारता कुणाला सांगणार नाही, आणि सांगावं लागलं तर आधी तुला कळवेन” असं म्हणता येतं.

बाहेरची_सदस्य
फार मोलाचं. एकच दुरुस्ती. आपल्याकडच्या बऱ्याच वरिष्ठ कॉलेजांना अकरावी-बारावी जोडलेली असते. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल आणि लैंगिक गुन्ह्याची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. तिथे ‘तू ठरव’ म्हणता येत नाही. वय विचारायला विसरू नका.

पाटीपेन्सिल
मुलगा म्हणतायत म्हणून विचारतो. माझ्या धाकट्या भावाला हॉस्टेलवर सीनिअर्सनी जे केलं ते रॅगिंग म्हणून नोंदलं गेलं, पण ते अंगाला हात लावणंच होतं. अशा मुलांसाठी ही समिती आहे का?

बाहेरची_सदस्य
आहे. २०१३ चा कायदा बायकांसाठी आहे, पण यूजीसीच्या विनियमांत विद्यार्थी कोणत्याही लिंगाचा असो, त्याची तक्रार घेतली जाते. रॅगिंगविरोधी समितीकडेही जाता येतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. भावाला सांगा, त्याची चूक नव्हती.

निळी_शाई
यात जातीचाही उल्लेख हवा, कृपया गाळू नका. मुंबईत २०१९ मध्ये आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली; सीनिअर डॉक्टर जातीवरून छळायच्या, असा आरोप आहे. त्यांच्या आईने त्रासाबद्दल आधी सांगितलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. आमच्याकडच्या मुलींना येणाऱ्या मेसेजमध्ये स्कॉलरशिपवरून टोमणा असतो आणि अंगाबद्दलचं बोलणंही असतं, एकाच वाक्यात. ऐकणारा म्हणतो, “हे आमच्या समितीचं नाही, ते सेलचं (जातीच्या तक्रारी बघणाऱ्या कक्षाचं) आहे.” मुलीने एका दारातून दुसऱ्या दारात हिंडायचं. पहिल्या माणसाने ‘हे आमचं नाही’ म्हणून हात झटकायचे नाहीत, हे नियम म्हणून सांगा. पुढच्या दारापर्यंत सोबत जायचं.

दहाची_हजेरी
निळी_शाई, अगदी खरं. “जा त्यांच्याकडे” आणि “चल, मी येते” यांत मुलगी हरवते किंवा सापडते.

रानजाई, बसवताना सगळ्यांना एकत्र बसवू नका. विभागप्रमुखांसमोर मावशी तोंड उघडत नाहीत.

रानजाई
पहिला अर्धा दिवस काल झाला. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रेक्टर ताईंचं ऐकलं. काल फक्त शिक्षकेतर मंडळी होती, सव्वीस जण. प्रोजेक्टर लावला नाही. वाचनकक्षातली टेबलं कडेला सारून खुर्च्या गोल मांडल्या. आवक टेबलावरच्या ताईंशी मी आदल्या दिवशी घरी जाऊन बोलले होते. तो प्रसंग काढणार आहे, पण तुमचं नाव घेणार नाही, असं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मीच सांगते.”

आणि त्यांनीच सांगितलं. उभं राहून, रजिस्टर हातात धरून. “या रकान्यात मी लिहिलं. आमच्या साहेबांनी शिकवलं होतं, विषय पूर्ण लिहावा.” तेवढं बोलून बसल्या. मला पुढचं भाषण करायची गरजच पडली नाही. लॅब असिस्टंट म्हणाला, मग आमच्या ब्रेकेजच्या वहीतही मुलींचे फोन नंबर उघडे असतात. ग्रंथालयातला मुलगा म्हणाला, कुणी कोणतं पुस्तक नेलं आणि कधी येते, हे आम्ही विचारणाऱ्याला सांगून टाकतो. रखवालदारांनी विचारलं, गेटच्या वहीचं काय? एकेकाच्या हाताखालची वही बाहेर निघत गेली.

मग टेम्सकाठी यांनी सांगितलेला सराव. जोड्या केल्या. आमच्या हेडक्लार्कना ‘ऐकणारे’ केलं होतं. साठीला टेकलेला सज्जन माणूस. पहिल्यांदा तोंडातून निघालं, “अगं पण तू आधी लेखी दे.” सगळे गप्प. दुसऱ्यांदा म्हणाले, “बस बाळ.” आणि पुढे त्यांना शब्दच सुचेना. तेवढंही चाललं असतं, असं मी त्यांना म्हटलं. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, हेही सांगितलं.

शेवटी एक मावशी बोलल्या. पंचवीस वर्षं त्याच मजल्यावर झाडतात. “पोरी मला विचारतात, मावशी, सर कुठवर हायेत आज? सर गेल्यावरच वह्या ठेवाया येतात. मला वाटायचं अभ्यासाला भितात.” त्या नाव घेणार इतक्यात मी त्यांना थांबवलं. इथे नको, बाहेर मला सांगा, म्हटलं. हे थांबवायला हवं हे मला या धाग्यामुळे सुचलं. त्यांनी बाहेर सांगितलं.

बाहेरची_सदस्य
मावशींनी जे सांगितलं त्याबद्दल इथे आणखी एक शब्दही लिहू नका. तुमच्या अध्यक्षांशी बोला, आज. आणि मावशींना कुणी त्रास देणार नाही याकडे लक्ष ठेवा.

रानजाई
बोलले. इथे लिहिणार नाही.

दुसरा अर्धा दिवस शनिवारी आहे, सगळे शिक्षक, तासिकेवरचे धरून. त्यांच्या तासाच्या पैशांचं प्राचार्यांनी मान्य केलंय. ‘सांभाळून घे’ फळ्यावर लिहिणार आहे. खडूफळा सर, तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत वाचून दाखवू का?

खडूफळा
जरूर वाचा. आणि उत्तरही वाचा, पूर्ण.

अर्धवट_प्रबंध
बाहेरची_सदस्य मॅडमशी काल तासभर बोलले. अर्ज लिहायला घेतलाय.

रानजाई
आज सकाळी आवक टेबलावरच्या ताई माझ्या लॅबमध्ये आल्या. स्वतःच्या पैशांनी जाड पुठ्ठ्याचं नवं रजिस्टर आणलंय. पहिल्या पानावर पट्टीने तीनच रकाने आखलेत, क्रमांक, तारीख आणि कुणाच्या हातात दिलं. कपाटाचा एक कप्पा रिकामा केलाय आणि त्याला कुलूप लावलंय. किल्ल्या दोन आहेत. एक अध्यक्ष मॅडमना दिली. दुसरी कुणाकडे ठेवू, असं विचारतायत.

बाहेरची_सदस्य
पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर अध्यक्षांची सही घेऊन बंद करा आणि अध्यक्षांच्याच कपाटात ठेवा. ऑफिसात ठेवू नका. रजिस्टरचे पैसे ताईंना कॉलेजकडून मिळतील असं बघा.